सुमन, दुसऱ्या परीक्षकाला काय उत्तर देऊ?

सुमन, तुझ्या शोकसभेत तू मंगळावर पोहोचलीस. प्राचार्यांनीच पोहोचवलं. "ज्या ग्रहाचा मॅडमनी आयुष्यभर ध्यास घेतला, त्याच ग्रहावर आज त्या विसावल्या असतील," असं ते म्हणाले आणि पहिल्या रांगेत दोन रुमाल निघाले. मंगळावर विसावण्यासारखं नेमकं काय आहे, हे विचारायला तू नव्हतीस. मागे फ्लेक्सवर तुझा तो शाल-श्रीफळाचा फोटो होता. त्यात तू नारळ कुणाला तरी फेकून मारण्याच्या बेतात दिसतेस. फ्लेक्सच्या कोपऱ्यात एका कोचिंग क्लासची जाहिरात होती. तू शेजारी असतीस तर आपल्या दोघींना सभेबाहेर काढलं असतं.

मग प्राचार्य म्हणाले, "मॅडमचा शेवटचा प्रकल्प एकदा नाकारला गेला. पण आता परिस्थिती वेगळी आहे. वरती माझं बोलणं झालंय. तो प्रकल्प मंजूर होणार आणि त्यांच्या नावाने होणार!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले, कारण प्रस्तावावर तुझ्या नावाखाली माझं नाव आहे. मी मान हलवली. ती होकाराने हलली की भीतीने, हे मला आजही सांगता येणार नाही. आदल्याच दिवशी मी कळव्याला वसंताकडे जाऊन आले होते.

थांब. घाबरले की मी मधूनच सुरू करते. तू म्हणायचीस, "मधू, आधी कृती, मग निरीक्षण, मग रडारड." तर कृती.

मंगळावर आटून गेलेल्या पाण्याच्या खुणा आहेत, मिठाचे थर आहेत. ते कोणत्या क्रमाने बसले यावरून पाणी कसं आटलं ते वाचायचं, ही जगभरची रीत. खारं पाणी आटताना आधी जिप्सम बसतं, मग आपलं खायचं मीठ, आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात वर. रसायनशास्त्राच्या फळ्यावर मी हे इतक्यांदा लिहिलंय की खडू आपोआप चालतो. आणि एके दिवशी तू, भूगर्भशास्त्राची बाई, डब्यातून एक पांढरी वडी घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आलीस. मला वाटलं, नारळीपौर्णिमेची आहे. ती तुमच्या मिठागरातली होती.

खाडीकाठचं ते मिठागर बाबा गेल्यावर बंद पडलं. बांध ढासळले, भरतीचं पाणी हवं तसं आत-बाहेर करायला लागलं. त्यातला एक वाफा तू अभ्यासासाठी राखून ठेवला होतास. कुणी पाय ठेवायचा नाही, हा तुझा हुकूम. राखणीला तुझा धाकटा भाऊ वसंता, ज्याचं कळव्यात इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि ज्याला तुझ्या हुकमाची तुझ्या प्राचार्यांपेक्षा जास्त भीती होती. त्या वाफ्यातल्या वडीत मीठ वर होतं आणि कडू क्षार खाली. उलटे.

मी तपासलं. परत तपासलं. पुढच्या उन्हाळ्यातल्या वडीतही तेच, त्याच्या पुढच्याही. तुझं म्हणणं, पावसात वरचं विरघळून वाहून जातं, जड कडू पाणी खाली मुरतं आणि पुढच्या हंगामात क्रम उलटतो. हे खाजणात होत असेल तर मंगळावरही झालं असेल. "म्हणजे बघ मधू, जग सगळं पुस्तक शेवटच्या पानाकडून वाचतंय!" असं तू ओरडलीस तेव्हा तुझ्या चपलांना लागलेला चिखल माझ्या टेबलाखाली पसरला होता. मला तो मुद्दा पटला. तो चिखल पटला नाही, पण मी पुसला.

निधीसाठी प्रस्ताव पाठवला आणि तो परीक्षकांकडे गेला. त्यांची नावं आपल्याला कळत नाहीत, आपली त्यांना कळतात. तू म्हणालीस, "मुलगी बघायला आल्यासारखं आहे. ते बघणार, आपण पोहे करायचे." पहिल्या परीक्षकाने कौतुक केलं. त्याने फक्त सारांश वाचला होता हे स्पष्ट दिसत होतं. तिसऱ्याने आपल्याला संदर्भांत आणखी काही लेख घालायला सांगितले, सगळे एकाच माणसाचे. त्यामुळे निदान तिसऱ्याचं नाव तरी आपल्याला कळलं. आणि दुसऱ्याने शांतपणे लिहिलं: 'उलटा थर वाफ्यातच तयार झाला की बाहेरून आला, हे तपासलेलं दिसत नाही. ते दाखवता येत नाही तोवर निधी देऊ नये.' प्रस्ताव नाकारला गेला. दुसऱ्याच्या शंकेचं समाधान केलंत तर एकदाच पुन्हा विचार करू, एवढी फट समितीने ठेवली.

डोंबिवलीला तुझ्या बाल्कनीत मी ते मोठ्याने वाचलं. तू कपडे वाळत घालत होतीस. हातातला टॉवेल तू असा झटकलास की खालच्या मजल्यावरच्या काकू वर बघायला लागल्या.

"बाहेरून? बाहेरून कोण आणून टाकणार? मंगळावरचे लोक?"

"तो फक्त विचारतोय, सुमन."

"कुणाला विचारतोय? मिठागरात जन्मलेल्या बाईला? जनमात चिखलात पाय घातलाय का त्याने?"

"तो बाईही असू शकेल."

"बाई असती तर पहिल्या ओळीत चांगलं काहीतरी बोलली असती, मग मारलं असतं."

यावर आपलं भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मला दुसरा आवडला होता. तिघांत त्याने एकट्याने आपलं लिहिणं वाचलं होतं. हे तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "मग जा, त्याच्याकडेच राहा." त्यानंतर दुसऱ्याचा उल्लेख तू सासरच्या एखाद्या खवचट माणसासारखा करायला लागलीस. चहा फिका झाला तरी "दुसऱ्याला पाठव, तो तपासेल."

मला एक वेगळा दिवसही आठवतो. माझा लेख परत आला होता, तोही दोन ओळींच्या शेऱ्यासह, आणि मी घरात तोंड फिरवून पडले होते. तू डोंबिवलीहून कल्याणला आलीस, मला ओढत बाजारात नेलंस आणि घाऊक भावाने टोमॅटोचा अख्खा क्रेट घ्यायला लावलास. रविवारभर आपण सॉस ढवळत बसलो. "नाकारलेल्या माणसाने काहीतरी ढवळत राहावं, तळाला लागत नाही," हे तुझं तत्त्वज्ञान. सॉस आंबट झाला. कुणीही खाल्ला नाही. मी मात्र त्या लेखावर परत बसले, आणि तो छापून आला तेव्हा आभारांत तुझं नाव घालायचं राहून गेलं असं तू अजून म्हणशील. घातलं होतं. तू आभार वाचतच नाहीस.

शेवटचा फोन तुझाच. "दुसऱ्याला उत्तर मी लिहिणार. तू हात लावू नकोस." मी म्हटलं, बरं, पण मला दाखव. तू म्हणालीस, "आधी कळव्याला एकदा जाऊन येते." मला वाटलं, माहेरची आठवण आली असेल. तुझा आवाज बारीक होता. मी विचारलं नाही, कारण तुझा आवाज बारीक झाला की तुला विचारलेलं आवडत नाही. मग तू गेलीस. इस्त्री केलेल्या साडीत, कॉलेजला निघताना, दाराशीच. उत्तर लिहिलेलं नव्हतं. तुझ्या टेबलावर, कॉम्प्युटरमध्ये, कुठेही काही नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर मी वसंताकडे गेले, वाफ्यातली या हंगामाची वडी घ्यायला. त्याने दुकानातल्या स्टुलावर बसवलं, पंखे बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला नंतर यायला सांगितलं.

"मॅडम, वाफा एकदम ओके हाय. ताई गेल्यावर पन मी कुनाला पाय ठेवू दिला नाय."

"कुणीच नाही ना? गुरं, पोरं?"

"कोन जानार? मीच जातो, दिवाली झाली का. पयल्या मिठाला."

"पहिल्या मिठाला म्हणजे?"

"पूजेला ओ. आमच्या घरची पद्धत हाय. हंगामाच्या सुरवातीला वाफ्यात जुना मीठ टाकायचा, म्हंजे नवा धरतो. बाबा मूठभर टाकायचे. मी तिच्या वाफ्यात अर्धी गोन टाकतो." आणि छाती काढून, "बहिनीचा वाफा हाय. कंजूषी कशाला करायची?"

माझ्या हातातला चहाचा ग्लास मी खाली ठेवला. "कुठलं मीठ, वसंता?"

"बाबांचाच. शेवटच्या सालचा. माल्यावर ठेवलाय सगला."

न धुतलेलं मीठ, माळ्यावर वर्षानुवर्षं ओल धरून बसलेलं, कडू क्षारांनी भरलेलं. त्याचं वाक्य संपायच्या आत मला कळलं होतं, आणि कळलेलं परत न कळल्यासारखं करायची काही सोय असती तर मी तिथेच केली असती. दर वर्षी नव्या थराच्या बरोबर खाली अर्धी गोण. आधीच मिठाने भरलेल्या पाण्यात पुरती न विरघळता तळाला बसलेली. दुसऱ्याने दूर कुठल्यातरी खोलीत बसून जे ओळखलं, ते तुमच्या घरात इतकं घरचं होतं की बोलायला नको, ऐकायला नको.

वसंता मला वाफ्यावर घेऊन गेला. बांधावरून तो पुढे, मी मागे, हातात चपला. चिखलात पाय गेला की तो कुठवर जाईल याची मला नेहमीच भीती वाटते, आणि तू नेहमी हसायचीस. त्या दिवशी मला ती भीती वाटली नाही. दुसरीच वाटत होती. मी चमच्याने कडेची वडी उचलली. खाली तीच पिवळसर रेघ, जिच्या आकृत्या आपण तीन रंगांत छापल्या होत्या. आपण दोघींनी तिला मंगळ म्हटलं होतं. ते तुझ्या बाबांच्या हातचं मीठ होतं.

वसंता म्हणाला, "बरा जमलाय ना?"

मी हो म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ती शोकसभा.

तेव्हापासून मी घाबरून राहतेय, सुमन, आणि या वयात मला घाबरायचा सराव नाही. फोन वाजला की आधी नाव बघते. समितीवरच्या एका गृहस्थांनी फोन केला. आवाज इतका मऊ की मला धडकीच भरली. म्हणाले, "अशा प्रसंगी आम्हीही माणसंच आहोत. तुम्ही फक्त चार ओळी लिहून पाठवा, दुसऱ्या परीक्षकांच्या शंकेचं काय ते बघू." म्हणजे तू जिवंत असताना जी शंका नाकारण्याइतकी मोठी होती, ती तुझ्या मरणाने विरघळली. तुला हे ऐकून काय वाटलं असतं ते मला माहीत आहे. तू म्हणाली असतीस, आधी मेले असते तर पोहे वाचले असते.

पण हसून भीती जात नाही. मंजुरी आली तर आपण एका चुकीवर सरकारी पैसा उभा करणार, वर तुझं नाव कोरणार, आणि पुढच्या कुणीतरी तो वाफा नीट तपासला की हसं तुझं होणार. मी तेव्हा असेन वा नसेन. आणि खरं लिहिलं तर हसं आत्ताच होणार, तुझी राख खाडीत विरते न विरते तोवर, आणि ते माझ्या हाताने. एका बाजूला खोटं स्मारक, दुसऱ्या बाजूला खरी नामुष्की. मध्ये मी.

प्राचार्यांना मी अडखळत एवढंच सांगितलं की निष्कर्षात गडबड आहे. त्यांनी चष्मा काढला. "कुलकर्णी मॅडम, विज्ञानात मतभेद असतातच. पण तुम्ही मैत्रीण ना त्यांच्या?" मी त्यांच्या केबिनमधून बाहेर आले आणि जिन्यात कठडा धरून उभी राहिले. त्यांनी चुकीचं काही विचारलं नव्हतं. सगळ्यात भीतीदायक तेच होतं.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक भीती होती, जी मी स्वतःशीही नीट बोलत नव्हते: तुला माहीत होतं का?

ते विचारायला जगात एकच माणूस उरला होता. शिवाय खरं लिहायचं तर मीठ कुणी टाकलं हे लिहावं लागणार, आणि ते त्याला आधी सांगायला हवं होतं. म्हणून मी परत कळव्याला गेले. कळव्याच्या नाक्यापर्यंत जाऊन एकदा रिक्षा परत वळवली होती, हे तुला सांगते. दुसऱ्या खेपेला वळवली नाही.

वसंताला मी समजेल अशा शब्दांत सगळं सांगितलं.  हातातल्या टेस्टरचं टोपण तो एकसारखं काढत-लावत होता.

"म्हंजे ताईला नापास मी केली?"

"तसं नाही वसंता."

"मंग कसा? मीठ मी टाकला ना?" मग एकदम आवाज खाली आणून, "सरकारी पैसा हाय ना ओ? चौकशी लागंल? दुकानावर येतील?"

"कुणी येणार नाही. तू काही गुन्हा केलेला नाहीस."

"मना वाटला, तिचा वाफा भरभरून यावा."

 दुकानात एक बाई बल्ब बदलून मागायला आली, त्याने न बघता बदलून दिला. ती गेल्यावर तो म्हणाला, "पन ताईला ठावं होता."

"काय?"

"आलेली ना ती. जायच्या आधी. एकटीच वाफ्यावर गेली, उनात बसून राह्यली. मग घरी आली आन इचारलन, बाबांचा मीठ अजून हाय काय रं माल्यावर? मी बोललो, हाय थोडा. दर साली टाकतोस? मी बोललो, टाकतो.  बोंबलाचा कालवन केलेला, तो जेवली. दोनदा भात घेतलन."

"रागावली?"

"नाय. जाताना बोलली, वसंता, यंदा दिवालीला टाकू नको. मी बोललो बरा. गल्लीच्या टोकापर्यंत गेली." त्याने टेस्टर खिशात टाकला. "आन परत आली. बोलली, नको. टाक."

"'टाक' म्हणाली?"

"टाक बोलली. आन गेली."

सुमन, तू का परत आलीस? मी हे शब्द मागून-पुढून, तुझ्या सगळ्या आवाजांत म्हणून बघितलेत. एका आवाजात तू म्हणतेस, थर असाच राहू दे, कुणाला कळणार आहे, एवढ्या वर्षांनी एक गोष्ट माझ्या नावावर होतेय, होऊ दे. दुसऱ्या आवाजात तू म्हणतेस, वाफा गेला, अभ्यास गेला, मग बाबांचं मीठ तरी का बंद करायचं. दोन्ही तुझेच आवाज आहेत. दोन्ही मी ऐकलेत. उत्तर मी लिहिणार, तू हात लावू नकोस, असं तू म्हणालीस ते मला वाचवायला की मला दूर ठेवायला? आपण आयुष्यभर एकमेकींच्या प्रत्येक वाक्यावर 'पुरावा काय?' असं लिहिलं. आता तुझ्या एका शब्दावर मला तेच लिहावंसं वाटतंय आणि उत्तर द्यायला कुणी नाही.

वसंताने मला स्टेशनपर्यंत सोडलं. वाटेत म्हणाला, "लिवा मॅडम. मी टाकला तसा लिवा. खोटा कशाला?" आणि स्टेशन आल्यावर, "तिला बोल लागेल असा नका लिवू पन." म्हणजे मी जे करू शकत नव्हते तेच त्याने मागितलं.

तरी लिहिलं. परवा दुपारी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या देखत, म्हणजे मधेच पळून जाता येऊ नये. 'दुसऱ्या परीक्षकांची शंका योग्य आहे. उलटा थर वाफ्यात तयार झालेला नसून, हंगामाच्या सुरुवातीला घरगुती प्रथेनुसार टाकलेल्या जुन्या मिठाचा आहे. ही गोष्ट प्रमुख संशोधिकेच्या शेवटच्या भेटीत त्यांच्या लक्षात आली होती आणि त्या हेच उत्तर लिहिणार होत्या. प्रस्ताव आम्ही मागे घेत आहोत.'

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खरं आहे. चौथं खरं करायला सही पुरते. तिसऱ्या वाक्याचा अर्धा भाग वसंताने सांगितला. उरलेल्या अर्ध्या भागाला, 'त्या हेच उत्तर लिहिणार होत्या' याला, माझ्याकडे कसलाही पुरावा नाही. दुसऱ्याने विचारलं तर मी काय दाखवणार? दोनदा घेतलेला भात?

ते वाक्य मी खोडलं. मग परत घातलं. तुला ओळखते म्हणून घातलं, की तू तशी असावीस म्हणून घातलं, हे मला खरंच कळत नाही. तू तशी नसशील तर मी तुझ्या नावावर एक चांगुलपणा खोटा लिहिलाय आणि तू उठून भांडायलाही येऊ शकत नाहीस.

 पाठवलं. आणि तिसरं वाक्य परत उघडून वाचलं.